वडतळ्यावरचं सदावर्त

भीकमचंदशेठ एकदा बोलले की बोलले! मग विषय तुरीच्या डाळीचा असो नाहीतर आत्म्याच्या मोक्षाचा. नंदुरबारच्या पेठेत त्यांचं धान्याचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्याच्या आधी आपल्याला कळतं, असा त्यांचा ठाम समज होता. मीठ मागायला आलेला माणूस त्यांच्या दुकानातून गूळ घेऊन जायचा आणि घरी बायकोची बोलणी खायचा, तो भाग वेगळा!

सन सदतीसचा चातुर्मास चालू होता. जैन स्थानकात मुनीमहाराजांचं व्याख्यान संपलं. मंडळी गुडघ्यांवर हात टेकून उठायच्या बेतात होती, एवढ्यात भीकमचंद उभे राहिले. त्यांनी पगडी सारखी केली, घसा खाकरला आणि जाहीर करून टाकलं,

"येत्या होळीपर्यंत वडतळ्यावरचे सगळे पक्षी मासे खायचं सोडतील! मी सोडायला लावीन!"

उठणारी मंडळी पुन्हा बसली.

आता हे खूळ शेठच्या डोक्यात कुठून शिरलं ते सांगायला हवं. गावाबाहेर वडतळं म्हणून एक तळं होतं. शेठ रोज सकाळी तिथे मुंग्यांना पीठ घालायला जात. हा त्यांचा वडिलांपासूनचा नेम. एकदा त्यांना काठावर एक राखी बगळा दिसला. एका पायावर उभा, मान आखडलेली, हालचाल नाही. शेठ पीठ घालून परत निघाले तरी बगळा तसाच! भीकमचंदांच्या अंगावर काटा आला. जैन मुनी देहाची शुद्ध विसरून कायोत्सर्गात उभे राहतात, अगदी तीच मुद्रा! त्यांनी बगळ्याला हात जोडले, त्याचं नाव 'तपस्वीजी' ठेवलं आणि नीट दर्शन व्हावं म्हणून सुरतेहून एक पितळी दुर्बीण आणवली.

पावसाळाभर हे दर्शन चाललं. आणि एके सकाळी, शेठ दुर्बिणीला डोळा लावून भक्तिभावाने पाहत असताना, तपस्वीजींनी मान झटकन पाण्यात घातली आणि एक जिवंत मासा गट्ट केला!

शेठ घरी आले आणि जेवले नाहीत. बायकोला, म्हणजे रूपकंवरबाईंना, वाटलं की उपवास धरलाय. त्यांनी शेजारणीला कौतुकाने सांगितलंसुद्धा. दुसऱ्या दिवशीही शेठ जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, त्या बिचाऱ्या बगळ्याचा काय दोष? तळ्यावर दुकान एकच, आणि दुकानात माल एकच, मासा! गिऱ्हाईक दुसरं घेणार काय? आजवर कोणी त्याला ज्वारी दाखवली होती?

असा हा सगळा हिशेब होता. स्थानकात तो ऐकून महाराज मंद हसले. म्हणाले, "श्रावकजी, प्रतिज्ञा थोडी सोपी घ्यावी. पाळायला बरी पडते."

"नाही महाराज! होळीच्या दिवशी सगळ्या संघाने तळ्यावर यावं. एक पक्षी जरी मासा खाताना दिसला, तर भीकमचंद जन्मभर गोड खाणार नाही!"

खांबाला टेकून बसलेले छगनलाल सावरून बसले. छगनलाल म्हणजे समोरचे कापडवाले. दोघांची मैत्री इतकी जुनी की एकमेकांची फजिती पाहिल्याशिवाय दोघांनाही अन्न गोड लागत नसे.

"गोड म्हणजे सगळं?" छगनलालनी विचारलं.

"सगळं!"

"घेवरसुद्धा?"

स्थानकातल्या सगळ्या माना शेठकडे वळल्या. कारण भीकमचंद आणि घेवर हे प्रकरण सगळ्या पेठेला ठाऊक होतं. ज्या लग्नाच्या पंगतीत घेवर नाही ते लग्न लागलं की नाही याचीच त्यांना शंका यायची. आणि रूपकंवरबाईंच्या हातचा घेवर म्हणजे तर काय! तुपात तळलेला, जाळीदार, पाकात न्हालेला! तो पानात पडला की शेठ आधी क्षणभर डोळे मिटून बसत, मग जेवत.

जन्मभर घेवर नाही! पण सगळा संघ पाहत होता. "घेवरसुद्धा!" ते म्हणाले.

बायकांच्या बाजूला रूपकंवरबाईंनी कपाळावर हात मारला.

"अहो, पण एवढी घाई काय होती?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं. (हे घरातलं बोलणं मारवाडीत चाले, तुमच्याआमच्या सोयीसाठी मी मराठीत सांगतोय.) "बगळ्याला विचारलं होतं का आधी?"

"गिऱ्हाइकाला विचारायचं नसतं, माल दाखवायचा असतो!"

दुसऱ्याच दिवशी तळ्यावर सदावर्त सुरू झालं. ज्वारीचं पोतं वाहायला दुकानातला हमाल धुडकू होता. हा माणूस कमी बोलायचा आणि सावली दिसली की आडवा व्हायचा. त्याने पोतं उतरवलं आणि काठावर उभ्या तपस्वीजींकडे पाहून आपल्या अहिराणीत विचारलं,

"शेठ, बगया जवारी खाई का?"

"काबर नही खाई? आजपावत कोणी दिन्ही का त्याले?"

धुडकू वडाखाली जाऊन आडवा झाला.

शेठनी मूठभर ज्वारी पाण्यात टाकली. तपस्वीजींनी ज्वारीकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं आणि दोन पावलं बाजूला सरकले. माल पसंत नाही! हरकत नाही. दुसऱ्या दिवशी बाजरी आली. मग तांदूळ आले, भिजवलेले मूग आले. शेवटी रूपकंवरबाईंनी रागारागात साजूक तुपातली खिचडी करून दिली. ती पातेलीभर खिचडी काठाच्या उथळ पाण्यात ओतली, तेव्हा कुठे तपस्वीजी जवळ आले आणि खिचडीच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"उना! उना! दख धुडकू, खाई ऱ्हायना!"

धुडकूने एक डोळा उघडला. "पाय धोई ऱ्हायना, शेठ."

पण हार मानेल तो व्यापारी कसला! सदावर्त आहे हे पक्ष्यांना कळायला घंटा नको का? शेठनी घासलेटचा रिकामा डबा आणला. रोज सकाळी धुडकूने डबा बडवायचा, शेठनी मुठी भरभरून दाणे फेकायचे आणि मग मोठ्या दगडावर बसून दुर्बीण लावायची.

हळूहळू शेठना ते तळं आवडायलाच लागलं. कमळाच्या पानांवरून लांब बोटं टाकत चालणारा एक पक्षी होता. नवी सून लुगडं सावरत ओल्या अंगणातून चालते तशी त्याची चाल. त्याचं नाव 'सूनबाई' पडलं. खुंटावर बसून ओले पंख वाळत घालणारा काळा पाणकावळा होता, तो 'मुनीमजी'. सूनबाई आज दिसली नाही तर शेठना दुकानात करमायचं नाही. गिऱ्हाईक समोर उभं आणि शेठ मनात म्हणतायत, मुनीमजींचे पंख वाळले असतील का?

एकच पंचाईत होती. दुर्बिणीत एखाद्या पक्ष्याची चोच पाण्याकडे वळली की शेठ घट्ट डोळा मिटून घेत. एक डोळा दुर्बिणीसाठी आधीच मिटलेला असायचा, आता दुसराही! "जुनी सवय आहे बिचाऱ्यांची," ते धुडकूला सांगत. "सुटेल हळूहळू. टक लावून पाहिलं तर त्यांना लाज वाटेल." आणि पुरेसा वेळ गेला असं वाटलं की डोळा उघडत. तोवर मुनीमजी पुन्हा पंख वाळवत बसलेले असायचे, अगदी निष्पाप चेहऱ्याने.

दिवाळी झाली आणि चमत्कार झाला! उत्तरेकडून बदकांचे थवेच्या थवे आले आणि तळ्यावर उतरले. डबा वाजला, ज्वारी पडली, आणि बदकं तुटून पडली! माना घालून घालून ज्वारी खाऊ लागली! शेठ दगडावरून पडतापडता वाचले.

"कुठून आलीत ही?" त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलं.

"वरून, उत्तरेकडून."

"उत्तरेकडून म्हणजे मारवाडवरून! आपल्याच मुलखाची! मग मासा कसा शिवतील?"

ही बातमी त्यांनी पेठेत इतक्यांदा सांगितली की छगनलालना स्वतः येऊन पाहावं लागलं. दुर्बिणीतून त्यांना ज्वारी खाणारी शेकडो बदकं दिसली. त्यांचा चेहरा पडला.

"खातायत खरी," ते म्हणाले. "पण तुमचे तपस्वीजी?"

"त्यांचं मन वळतंय. मोठ्यांना वेळ लागतो."

मार्गशीर्षात एकदा रूपकंवरबाई शेठबरोबर तळ्यावर आल्या. एवढी ज्वारी जाते कुठे, हे त्यांना पाहायचं होतं. इतक्यात आभाळात लांबच लांब रांग दिसली आणि तुतारीसारखे आवाज आले. रूपकंवरबाई जागच्या जागी थांबल्या.

"कुरजां!" त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

करकोचेच ते. मारवाडात त्यांना कुरजां म्हणतात. रूपकंवरबाई लहानपणी लग्न होऊन नंदुरबारला आल्या होत्या, आणि माहेरी जाऊन त्यांना कितीतरी वर्षं लोटली होती. लहानपणी दर थंडीत त्यांच्या गावाच्या तळ्यावर हेच पक्षी उतरायचे. भीकमचंदांनी दाण्यांची परात बायकोच्या हातात दिली. तिने दाणे टाकले, आणि ते उंच, राखाडी, देखणे पक्षी काठाच्या मोकळ्या जमिनीवर उतरून वेचू लागले. त्या दिवसापासून ज्वारी कुठे जाते हे रूपकंवरबाईंनी विचारलं नाही. उलट पायलीभर जास्तच पाठवू लागल्या.

पौष, माघ, सदावर्ताची कीर्ती वाढतच गेली! तापीच्या डोहांवरून, पार प्रकाशा गावाकडून पाणकावळे आले. मुनीमजींचा सगळा गोतावळाच जमला. तपस्वीजींच्या शेजारी आणखी बगळे उभे राहू लागले. आणि एके दिवशी तर चोचीखाली भली मोठी झोळी असलेले पांढरे थोराड पक्षी आले!

शेठनी हात जोडले. जैन मुनी झोळी घेऊन दारोदार भिक्षेला निघतात, त्याला गोचरी म्हणतात. "गोचरीला आलेत!" ते कुजबुजले. "दख धुडकू, झोळी लिसन उनात!"

धुडकू दखत होता. त्याचं म्हणाल तर त्या वर्षी त्याचं अंग भरलं होतं आणि गाल वर आले होते. शेठना वाटलं, हाही सदावर्ताचाच प्रताप. पुण्याची हवा लागते माणसाला.

होळीचा दिवस उजाडला. सगळा संघ बैलगाड्या जोडून तळ्यावर आला. जैनांचं जेवण सूर्यास्ताच्या आत, म्हणून घाई होती: आधी तळं पाहायचं, मग तिथेच वडाखाली घेवर खायचे आणि उजेडात परतायचं. रूपकंवरबाईंनी परातीच्या पराती घेवर केले होते. वास दूरवर जात होता. शेठनी नवी पगडी घातली होती आणि ते घेवरच्या पराती आणि तळं यांच्यामध्ये नवरदेवासारखे उभे होते.

रूपकंवरबाईंनी काठावर नजर टाकली. "कुरजां कुठायत?"

शेठनी दुर्बीण लावली. कुरजां नव्हत्या. बदकंही नव्हती. एकसुद्धा!

"धुडकू! बदके कथा गयात?"

"गयात ना शेठ, घर गयात. उन्हाया लागना. मांगला हप्तामाच उडी गयात."

ज्वारी खाणारे सगळे पाहुणे आपापल्या मुलखाला निघून गेले होते! तळ्यावर उरले होते ते तपस्वीजी आणि मंडळी, मुनीमजी आणि गोतावळा, आणि झोळीवाले. पाणी आटून तळं अर्ध्यावर आलं होतं, आणि हे सगळे त्याच्याभोवती कडं करून, कोणाची तरी वाट पाहत उभे होते.

"चला," छगनलाल म्हणाले, "वाजवा घंटा."

शेठनी मनात नवकार मंत्र म्हटला आणि खूण केली. धुडकूने डबा बडवला. त्याबरोबर सगळ्या पक्ष्यांनी माना वर केल्या. संघात कौतुकाची कुजबुज झाली. "ओळखतात हो आवाज!" कोणीतरी म्हणालं. शेठची छाती फुगली. त्यांनी परातभर ज्वारी उंच उडवली. ती सरसरत पाण्यावर पडली.

आणि पाणी उकळलं!

मासे! तळ्यातले सगळे मासे डबा ऐकून आधीच वर आले होते! सहा महिने बुडालेली ज्वारी खाऊन एकेक मासा धुडकूच्या दंडाएवढा झाला होता. ते तोंड वासून, एकमेकांच्या अंगावर चढून ज्वारी खात होते. आणि पक्षी? पक्षी याचीच तर वाट पाहत होते! पाणकावळ्यांनी सुरकांड्या मारल्या, झोळीवाल्यांनी झोळ्या उघडून पाण्यातून फिरवल्या आणि भरभरून गोचरी केली. बगळ्यांच्या माना भात्यासारख्या खालीवर होऊ लागल्या. काठावर बायकांनी पदर तोंडावर घेतले. एक म्हातारे श्रावक "शिव शिव" म्हणाले आणि मग आपण जैन आहोत हे आठवून गप्प बसले.

शेठनी सवयीने डोळे मिटले.

"उघडा!" छगनलाल ओरडले. "उघडा डोळे, भीकमचंद!"

शेठनी डोळे उघडले. अगदी पायांशी, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, तपस्वीजी उभे होते. त्यांच्या चोचीत तळ्यातला सगळ्यात लठ्ठ मासा होता. त्यांनी शेठकडे जुन्या ओळखीने पाहिलं, मान वर केली आणि मासा सावकाश, सगळ्या संघाला दिसेल असा गिळला.

"धुडक्या!" शेठ त्याच्याकडे वळले. "हाई कवयपासून चाली ऱ्हायनं?"

"दिवायीपासून आसंच शे, शेठ. डबा वाजना का मासा वर येतस, मासा वर उनात का पक्षी येतस."

"मंग सांगं काबर नही माले?"

धुडकू खरोखर चकित झाला. "तुम्ही तव्हय रोज डोया मिटी लेतस! माले वाटनं, शेठले ठावं शे म्हनीसनच मिटतस!" मग जरा थांबून, गालांवर हात फिरवत तो म्हणाला, "तुम्हना पुण्यवर आम्हना घरबी मासानं कालवण चालनं, शेठ. खोटं कसाले बोलू!"

सूर्य खाली उतरत होता. घेवर तर टाकून देता येत नव्हते. अन्न टाकणं म्हणजे आणखी पाप. भीकमचंदांनी पगडी काढून बाजूला ठेवली, परात उचलली आणि स्वतःच्या हाताने एकेकाच्या पानात घेवर वाढायला सुरुवात केली. पाक त्यांच्या बोटांवरून ओघळत होता. त्यांनी तो धोतराला पुसला, पण बोट तोंडात घातलं नाही. रूपकंवरबाईंना ते पाहवेना.

छगनलालनी पहिला घेवर मिटक्या मारत खाल्ला. दुसरा निम्मा खाल्ला. मग त्यांनी वर वाढणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि उरलेला अर्धा पानात परत ठेवला. त्यांनी भीकमचंदांचा हात धरला.

"भीकमचंद," ते हळूच म्हणाले, "माझी नजर अधू झालीय बरं का. मला इतक्या लांबचं काही दिसलं नाही. बाकीच्यांनाही मी सांगतो. तू बस, घेवर खा."

शेठनी परातीकडे पाहिलं. एक घेवर उरला होता, मधोमध जाळी पडलेला, त्यांच्या आवडीचा. तळ्यावर तपस्वीजी पुन्हा एका पायावर उभे राहिले होते, जणू काही घडलंच नाही.

"मला दिसलं, छगन," भीकमचंद म्हणाले, आणि तो घेवर त्यांनी मित्राच्या पानात वाढला.

शेठ तळ्यावर जायचे थांबले असतील असं तुम्हाला वाटलं असेल. छे! दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुर्बीण घेऊन हजर. फक्त ज्वारी नाही, डबा नाही, आणि डोळा उघडा. "दाणे मार्गशीर्षात, कुरजां आल्यावर," ते घरी सांगून टाकत.

त्या उन्हाळ्यात आमरसाचे दिवस आले. घरातल्या सगळ्यांच्या वाट्या भरल्या. शेठच्या पानात भाकरी, भाजी आणि पापड. ते मान खाली घालून जेवत होते. रूपकंवरबाई पंख्याने वारा घालत बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांना आधी रडू येत होतं, पण मग काय झालं कोण जाणे, हसूच फुटलं.

"सहा महिने पोती रिकामी केलीत," त्या म्हणाल्या, "डबे बडवलेत, बगळ्याला खिचडी घातलीत! त्या अख्ख्या तळ्यावर आहार बदलला कोणाचा, तर एकट्या तुमचा!"

भीकमचंदशेठकडे प्रत्येक गोष्टीवर उत्तर असे. या वेळी त्यांनी पान पुढे सरकवलं.

"पापड वाढ अजून एक," ते म्हणाले.